नऊ सेकंदांचा मान

बडनेऱ्याचे गोपालराव मोहोड यांनी आयुष्यात कुणाला हिसका दिला नाही, खाल्ले मात्र भरपूर. पस्तीस वर्षं ते मालगाडीचे गार्ड होते, म्हणजे शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. पुढं इंजिन अगदी हळूच पाऊल टाकतं, पण मध्ये अठ्ठावन्न डबे असतात आणि दर दोन डब्यांच्या जोडणीत थोडीथोडी ढिलाई असते. ती एकेक करून ताणली जाते, आणि सगळ्या ढिलाईची बेरीज शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या कमरेत येऊन थांबते. निवृत्तीच्या वर्षभर आधी रेल्वेनं गार्ड हे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. कमरेला मात्र ते कुणी कळवलं नाही.

निवृत्तीच्या कार्यक्रमात सहकाऱ्यांनी त्यांच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करून आणला होता. गोपालराव गळ्यात हार घालून पहिल्या रांगेत बसले. पहिला फोटो गरगर फिरत आला आणि धाडकन थांबला. दुसरा उजव्या कोपऱ्यातून उडत आला आणि आपटला. तिसऱ्यात गोपालराव स्वतःच फुटून गुलाबाच्या पाकळ्या झाले. चौथ्यात वहीचं पान उलटावं तसे विभागाचे साहेब उलटले गेले, आणि क्षणभर अर्धे साहेब या पानावर आणि अर्धे त्या पानावर राहिले. दर फोटोला गोपालरावांचा हात आपोआप खुर्चीची दांडी पकडायला जाई. लोकांना वाटलं, माणूस भरून आलाय. सहा मिनिटांचा तो व्हिडिओ संपला तेव्हा त्यांची कंबर खरोखर धरली होती.

घरी येऊन त्यांनी हार खुंटीला लावला आणि बायकोला, साधनाबाईंना म्हणाले, “ज्यानं हे बनवलं ना, त्याले एक दिवस माह्या डब्यात बसवाले पायजे होतं. थांबवाच्या आंधी हळू करा लागते, येवढं बी समजत नाही लोकायले.”

“मंग तुमीच बनवा,” साधनाबाई म्हणाल्या. नवरा उद्यापासून दिवसभर घरात राहणार, ही चिंता त्यांना तीन महिन्यांपासून होतीच. त्यांनी ती अशी एका वाक्यात मार्गी लावली.

पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. गोपालरावांनी तो काढला, मोबाइलवर शिकवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहून पाहून वहीत टिपणं काढली, आणि दोन महिन्यांत त्यांना मर्म सापडलं. फोटोला दोन खुणा करायच्या असतात. इथून निघायचं ही एक, आणि इथं पोचायचं ही दुसरी. मधला प्रवास कॉम्प्युटर स्वतः करतो. पण कॉम्प्युटर या बाबतीत निव्वळ अडाणी. तो पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकाच वेगानं पळतो आणि भिंतीला धडकल्यासारखा थांबतो. त्याच्या वेगाची रेषा पडद्यावर सरळ दिसते. त्या रेषेची दोन्ही टोकं पकडून जराशी वाकवली, की फोटो हळूच निघतो, मध्ये वेग घेतो आणि पोचता पोचता पुन्हा हळू होतो. हे कळलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि साधनाबाई झोपल्या होत्या. गोपालरावांनी त्यांना गदागदा हलवून उठवलं.

“साधना! गाडी सुटली, पन सुटली हे समजलंच नाही!”

“अगंबाई! कोनती गाडी? कुठं जाचं होतं आपल्याले?” साधनाबाई उशीखालची पर्स शोधू लागल्या.

फोटो हलला पण हिसका बसला नाही, हे ठरवायचं कसं? डोळ्यांवर गोपालरावांचा विश्वास नव्हता. रेल्वेत चांगल्या ड्रायव्हरची एकच परीक्षा ते मानत: गाडी सुटताना हातातला चहा बशीत सांडला नाही पाहिजे. तीच परीक्षा त्यांनी घरी लावली. टीव्हीसमोर साधनाबाईंना बसवायचं, हातात काठोकाठ भरलेला कप द्यायचा आणि व्हिडिओ सुरू करायचा. फोटो बदलताना बाईंचा हात हलला आणि चहा बशीत आला, तर तो फोटो नापास. मग पुन्हा रेषा वाकवणं आलं, पुन्हा चहाही आला. एका फोटोसाठी त्यांनी असे तीन दिवस घालवले. साधनाबाईंचा तो माहेरच्या लग्नातला फोटो होता. एक डोळा मिटलेला, तोंडात जिलबी. रेषा किती वाकवावी? तिचा पार साप झाला, तरी चहा सांडतच होता. चौथ्या दिवशी गोपालरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी फोटो बदलून दुसरा लावला आणि चहाचा एक थेंबही हलला नाही. एवढ्या हुशार बाईला रेल्वेनं कामावर घ्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

हळूहळू बडनेऱ्यात त्यांचं नाव झालं. कुणाचा पन्नासावा वाढदिवस असो की कुणाचं तेरवीचं जेवण, लोक फोटोंची पिशवी घेऊन येत. गोपालराव चहापाण्याशिवाय काही घेत नसत, पण अटी मात्र घालत. बदाम उडणार नाहीत. पाकळ्या पडणार नाहीत. कुणी गरगर फिरणार नाही. एक फोटो विरत जाईल आणि त्यातूनच दुसरा उगवेल, बस्स. ग्रुप फोटो आला की त्यांची कळी खुलायची. चाळीस माणसांच्या फोटोवरून नजर डावीकडून उजवीकडे न्यायची म्हणजे त्यांच्या लेखी बडनेरा ते अकोला प्रवास होता. कोणत्या नातेवाइकावर थांबायचं आणि कोणाला नुसतं पार करायचं, याचं ते कागदावर वेळापत्रक करीत. आत्याबाई मूर्तिजापूर, म्हणून दोन सेकंद थांबा. चुलतभाऊ माना, म्हणजे लहान स्टेशन, म्हणून वेग कमी करून पुढे. आणि काही बिचारे नातेवाईक काटेपूर्णेसारखे खिडकीतून जाताना दिसत. एकदा तो कागद एका चुलतभावाच्याच हाती लागला, आणि “मी काहून माना?” असं विचारत तो आठ दिवस त्यांच्या दारात येत राहिला.

यावरून वऱ्हाडातल्या माणसाबद्दल गोपालरावांनी काही शिकायला हवं होतं. ते शिकले नाहीत, आणि तिथंच पुढचा घोळ झाला.

घोळ समजायचा तर त्यांचे साडू समजले पाहिजेत. साधनाबाईंची मोठी बहीण सुभद्रा अमरावतीत दिलेली. तिचे यजमान हरिहरराव बोंडे, निवृत्त मुख्याध्यापक, विषय भूमिती. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण मानाच्या बाबतीत पट्टी लावून मोजणारा. अकरा वर्षांपूर्वी अकोल्याला सासुरवाडीत एक लग्न होतं. जावयांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली. गोपालरावांना चार वाजताची मालगाडी होती, ते घड्याळ पाहत दारात उभे. सासऱ्यांनी, नत्थुजी इंगोल्यांनी, घाईघाईत पहिली टोपी धाकट्या जावयाच्या डोक्यावर ठेवली. मोठा जावई समोर उघड्या डोक्यानं बसलेला! त्या दिवसापासून हरिहररावांनी सासुरवाडीत अन्नाला हात लावला नाही. येत सगळ्या कार्याला, अगदी वेळेवर. उभ्यानं पाणी पीत, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारत आणि निघून जात.

आता जावई रुसतात, त्यात नवल ते काय? जावई तेवढ्यासाठीच असतात. पण नवरा उपाशी असताना आपण कसं जेवायचं, म्हणून सुभद्राबाईही माहेरी जेवेनात. अकरा वर्षं त्यांच्या आईनं, पार्वताबाईंनी, थोरल्या लेकीला आपल्या हातानं घास वाढला नव्हता. दर सणाला ती माउली पुरणाचा डबा भरून अमरावतीला पाठवी आणि दर सणाला विचारी, “सुभीनं खाल्लं ना?” डबा पाठवणं वेगळं आणि ताटात वाढणं वेगळं. ते ज्याला कळत नाही त्याला मी सांगून काय कळणार?

यंदा नत्थुजींना एक्क्याऐंशीवं लागलं. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला, अकोल्याच्या जुन्या शहरातलं एक सभागृह ठरलं. आणि एका सकाळी पार्वताबाईंचा फोन बडनेऱ्याला आला.

“जवाईबापू, तुमी थे हलते फोटो करता म्हन्ते.”

“हाव, मामी.”

“मंग ह्यायचा, तुमच्या सासऱ्यायचा बी करा. आन् असा करा का मोठे जवाई जेवूनच गेले पायजे. मी पंच्याहत्तर वर्साची झाली. आता किती वर्स डबा पाठवू?”

असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. गोपालरावांचा हात नकळत डोक्याकडं गेला. ती टोपी त्यांच्या डोक्यावर आधी पडली होती. त्यांचा त्यात दोष नव्हता, पण डोकं त्यांचंच होतं.

ते कामाला लागले. नत्थुजींच्या तरुणपणापासून पुढं, वर्षांच्या क्रमानं फोटो लावायचे ठरलं. सुभद्राबाई अमरावतीहून सिटी बसनं दोनदा येऊन गेल्या. पिशवीत वर मेथीच्या जुड्या आणि खाली अल्बम, कारण नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. दोघी बहिणींनी जमिनीवर फोटो पसरले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोपालराव मात्र गंभीर होते. या वेळी ते नुसता हिसका टाळत नव्हते, मानाचा तराजू तोलत होते. व्हिडिओत दोन्ही जावई सारखेच दिसले पाहिजेत. त्यांनी रेल्वेचं जुनं घड्याळ समोर ठेवलं आणि दोघांना बरोबर नऊ-नऊ सेकंद दिले. हरिहररावांचा फोटो आधी, स्वतःचा नंतर. उजेड दोघांना सारखा.

हरिहररावांचा एकच फोटो असा सापडला होता, ज्यात ते हसत होते. त्यांच्या लग्नानंतर सासुरवाडीच्या एकोणीस माणसांसोबत काढलेला. गोपालरावांनी ठरवलं, सुरुवात त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यापासून करायची आणि मग नऊ सेकंद हळूहळू मागं सरत जायचं. आजूबाजूला सासरे दिसतील, सासू दिसेल, मेव्हणे, पोरंबाळं, अख्खं गणगोत दिसेल आणि मधोमध मोठे जावई. गोपालरावांचा स्वतःचा मात्र तरुणपणीचा एकच फोटो होता, तोही फार लांबून काढलेला. बडनेऱ्याचा प्लॅटफॉर्म आणि टोकाला पांढऱ्या कपड्यातला एक ठिपका. तिथं जवळ गेल्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून त्यांनी ठिपक्यापासून चेहऱ्यापर्यंत जवळ नेलं. साधनाबाईंना कप दिला. तेरा मिनिटांच्या अख्ख्या व्हिडिओत थेंब सांडला नाही. त्यांनी वर तोच चहा पिऊन टाकला, ही मोठीच पावती होती.

सेकंद मोजले, क्रम मोजला, उजेड मोजला. दिशा मोजायची राहून गेली.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी अकराला सभागृह भरलं. नव्या धोतरातले नत्थुजी सोफ्यावर बसले होते आणि बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. ओवाळणी झाली, आणि गोपालरावांनी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर व्हिडिओ सुरू केला. हरिहरराव नेहमीप्रमाणे पाण्याचा पेला हातात घेऊन खांबाजवळ उभे.

लोक पाहता पाहता गप्प झाले. फोटो असे येत होते आणि असे जात होते की कुठून सुरू झाले आणि कुठं संपले, पत्ता लागत नव्हता. मग भिंतभर हरिहररावांचा चेहरा उगवला. तरुण, हसरा, दाराएवढा. हरिहररावांनी पेला खाली ठेवला. चष्मा पुसला. एक पाऊल पुढं आले. सुभद्राबाईंनी साधनाबाईंचा हात घट्ट धरला.

आणि चेहरा लहान होऊ लागला. अगदी अलगद, कुठंही हिसका नाही. दाराएवढ्याचा खिडकीएवढा झाला, खिडकीएवढ्याचा ताटाएवढा, ताटाएवढ्याचा वाटीएवढा. नवव्या सेकंदाला एकोणीस माणसांत हरिहरराव अंगठ्याएवढे उरले. तो फोटो विरला आणि त्यातून प्लॅटफॉर्म उगवला. टोकाचा पांढरा ठिपका जवळ येऊ लागला, वाढू लागला, आणि नवव्या सेकंदाला गोपालरावांच्या मिशांनी अख्खी भिंत व्यापली.

“बंद करा!” हरिहरराव शाळेच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाले. गोपालरावांच्या हातून व्हिडिओ थांबला. तोही नेमका मिशांवर.

“काय झालं, साडूभाऊ?”

“काय झालं? मले लहान लहान करत नेलं आन् सोताले मोठं मोठं करत आनलं! सगळ्यायनं पाह्यलं. मी हटून राह्यलो आन् तुमी पुढं येऊन राह्यले. हे सिद्ध कराले आनखी काई लागते का?”

“पन सेकंद तं सारखेच देल्ले ना, भाऊ. नऊ तुमाले, नऊ मले. घड्याळ लावून मोजले.”

“सेकंद सारखे, पन दिशा उलटी!” हरिहरराव म्हणाले, आणि भूमितीच्या मास्तरापुढं आता कोण काय बोलणार?

सभागृहात दोन तट पडले. दूरचे एक काका म्हणाले, पहिले मोठं दाखवणं हाच खरा मान. दुसरे म्हणाले, शेवटी जे उरते थोच मान. तिसरे म्हणाले, मी तर दिसलोच नाही, मग मी काय करू? गोपालराव जिवाच्या आकांतानं समजावत होते की मोठे जावई मधात दिसावे म्हणून मागं घेतलं, पण भिंतीवरच्या त्यांच्या स्वतःच्या राक्षसी मिशा त्यांच्या बोलण्यावर पाणी ओतत होत्या. हरिहरराव दाराशी गेले आणि चपला शोधू लागले. सुभद्राबाई उठल्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

स्वयंपाकघराच्या दारात पार्वताबाई उभ्या होत्या. हातात पोळ्यांची परात. लेक उठलेली पाहून त्यांनी परातीवर पुन्हा फडकं टाकलं, नीट चारी बाजूंनी खोचलं, आणि आत वळल्या.

गोपालरावांना ते पाहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः काहीतरी पुढं नेलं होतं आणि तेच रुळांवरून खाली उतरलं होतं. नव्यानं करायचं तर दोन दिवस हवेत. हातात होती दोन मिनिटं, म्हणजे हरिहररावांना दुसरी चप्पल सापडेपर्यंतची. त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं आणि त्यांना एकदम यार्ड आठवलं. गाडी उलटी ढकलायची असली की शेवटचा डबा पहिला होतो, आणि गार्डच पुढं उभा राहून गाडी नेतो. प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ उलटा चालवायचं बटण होतं. वेगाच्या रेषा त्यांनी दोन्ही टोकांना वाकवल्या होत्या. ज्या अलगद निघाल्या त्या अलगद थांबतीलही.

“साडूभाऊ, एक मिनिट! पुरं पाहून जा!” असं ओरडून त्यांनी बटण दाबलं.

मिशा हलल्या. गोपालराव भिंतीवरून मागं जाऊ लागले. भिंतीएवढे, दाराएवढे, वाटीएवढे, आणि शेवटी प्लॅटफॉर्मच्या टोकाला पांढरा ठिपका. सभागृहात हशा पिकला. सगळ्यात जोरात साधनाबाई हसल्या. मग एकोणीस माणसं आली आणि त्या एकोणीस माणसांतून नजर हळूहळू, अदबीनं, एकाच माणसाकडं निघाली. हरिहरराव वाढत वाढत भिंतभर झाले, आणि तिथं हसत थांबले.

दारात हरिहरराव एका पायात चप्पल घालून उभे होते.

“हं,” ते म्हणाले. “आता बरोबर.”

इथं कुणाही शहाण्या माणसानं व्हिडिओ बंद केला असता. गोपालरावांनाही तेच करायचं होतं, पण घामानं बोट घसरलं आणि गाडी उलटी चालतच राहिली. हरिहररावांचा चेहरा विरला. त्यातून अंगणातला फोटो उगवला: काळ्याभोर मिशांचे नत्थुजी, शेजारी पार्वताबाई, समोर दोन वेण्या घातलेल्या दोन पोरी. हरिहररावांनी तो फोटो डावीकडून उजवीकडं पाहिला, मग उजवीकडून डावीकडं.

“आन् मी कुठं गेलो?”

“तुमी अजून आलेच नाही, भाऊजी,” साधनाबाई म्हणाल्या.

पुढच्या फोटोत साधनाबाईही नव्हत्या, नुसती सुभद्रा आईच्या कडेवर. मग सुभद्राही गेली. नत्थुजी आणि पार्वताबाई, मुंडावळ्या बांधलेले, घाबरलेले. मग पार्वताबाईही विरल्या. शेवटचा फोटो जत्रेतल्या स्टुडिओतला होता. मागं रंगवलेला पडदा, अंगात दुसऱ्याचा ढगळ कोट, आणि सतरा-अठरा वर्षांचा एकटा नत्थू. तो भिंतीवर तसाच थांबला, कारण त्याच्या मागं काही नव्हतंच.

सोफ्यावरचे नत्थुजी जागे झाले होते. कधी झाले होते कोण जाणे. ते त्या पोराकडं टक लावून पाहत होते.

“अरे,” ते म्हणाले, “हा तं एकटाच राह्यला.”

त्यांनी भिंतीवरच्या त्या पोराकडं हात केला.

“बोलवा रे सगळ्यायले. जेवाले बसवा.” म्हाताऱ्याचा आवाज फुटला. “याले एकट्याले जेवन जात नाही.”

नत्थुजींनी नाव कुणाचं घेतलं नाही. पण हरिहरराव खाली वाकले, पायातली चप्पल काढली, दुसरीच्या शेजारी व्यवस्थित सरळ रेषेत ठेवली, आणि येऊन सासऱ्यांच्या उजव्या हाताला मांडी घालून बसले. बसल्यावर मान वळवून गोपालरावांना म्हणाले, “डावीकडं बसा, साडूभाऊ. अंतर सारखं ठेवजा.”

गोपालराव बसले. पंगत बसली. पार्वताबाईंनी परातीवरचं फडकं काढलं आणि त्या बाहेर आल्या. रीतीनं पहिली पोळी नत्थुजींच्या ताटात पडायची, मग मोठ्या जावयाच्या. पण त्या दोन्ही ताटांजवळून पुढं गेल्या आणि सरळ सुभद्राबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हरिहररावांनी ते पाहिलं. मोजलंही असेल. पण मांडी मोडली नाही.

पार्वताबाईंनी पोळी वाढली, वरून तूप सोडलं. सुभद्राबाईंनी घास मोडला. आई वाढून पुढं सरकली नाही, तिथंच परात धरून उभी राहिली, आणि तिच्यामागं अख्खी पंगत रिकाम्या ताटांवर खोळंबली. गोपालरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“माय,” सुभद्राबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या, “अजून एक वाढ.”